नव्वदच्या आत

हिंदी मुलखातल्या खमरियाच्या फॅक्टरी-क्वार्टरांमध्ये बंडू गावंडेला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. खरं नाव अंबादास, पण ते फॅक्टरीच्या हजेरीत आणि लग्नपत्रिकेत वापरलं गेलं तेवढंच. एकशे एकतीस किलो वजन, खणखणीत आवाज, आणि खाण्यावर अशी माया की मराठी मंडळींकडे लग्नमुंज असली की आचारी आधी बंडूला बोलावणं पाठवायचा. बंडू कढीची वाटी ओठाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "आलं अजून थोडं. मीठ आता नको, आटली की आपोआप चढते." त्याचं कधी चुकलं नाही. आपण जाड आहोत याचं त्याला वाईटही वाटलं नाही. वाईट वाटायला सवड कुठं होती? एक जेवण संपलं की दुसऱ्याची चर्चा सुरू व्हायची.

ही चर्चा चालायची बेबीताईशी. ती थोरली बहीण, चार वर्षांनी मोठी, त्याच शहरात गोहलपुरात दिलेली. खाली भाऊजींचं लोखंडी जाळ्या-दरवाज्यांचं वर्कशॉप, वर घर. आई लवकर गेली तेव्हा घरची चूल बेबीच्या हाती आली, आणि तिच्या पहिल्या कच्च्या-जळक्या भाकरी ज्यानं मुकाट्यानं खाल्ल्या तो बंडू. पुढं तिचा हात असा बसला की तिच्या सांबारवडीला, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीला, नागपूरचे पाहुणेसुद्धा मान डोलवायचे.

त्या बेबीताईच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग तोंड, मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दिवसाचं पाणी मोजून प्यायचं. केळं नाही, संत्रं नाही, बटाटा चिरून भिजवून त्याचं पाणी फेकायचं. ती बंडूला म्हणायची, "सैपाक करते रे सगळ्यांचा. पण चाखता येत नाही. आंधळ्यानं भिंत रंगवावी तशी गोष्ट आहे."

भाऊजींना शुगर, मुलगा परदेशी. बंडूची तपासणी झाली आणि सगळं जुळलं. नागपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, मग समोरच्या खुर्चीत कसाबसा मावलेला बंडू पाहिला.

"किडनी उत्तम आहे. पण या वजनावर मी ती काढणार नाही. तुम्हाला काही झालं तर एकाच्या जागी दोन पेशंट होतील. नव्वदच्या आत या, मग बोलू."

सहा महिने बंडूनं उकडलेला दुधी खाल्ला आणि पहाटे कॉलनीच्या रस्त्यावर पाय ओढले. सात किलो उतरले आणि काटा अडला. इकडं बेबीताईच्या हाताच्या शिरा सुया घेऊन घेऊन दगडासारख्या झाल्या होत्या. तेव्हा पोट कापून लहान करायचं ठरलं. बंडूची बायको गीतांजली शांत स्वभावाची, पण त्या दिवशी भडकली. "आधी पोट कापणार, मग किडनी काढणार. माणूस आहे की कापडाचा तागा?"

"ताई मरून राहिली ना, गीता," बंडू एवढंच म्हणाला.

पोट कापलं. उरलं ते केळ्याएवढं. अकरा महिन्यांत बंडू अठ्ठ्याऐंशीवर आला, गालांच्या झोळ्या झाल्या, आणि मग एका सकाळी त्याची डावी किडनी बेबीताईच्या पोटात गेली. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी त्याच्या खाटेशी आली आणि म्हणाली, "बंडू, मी आज तांब्याभर पाणी प्यायले." दोघंही रडले.

पहिली दोन वर्षं बंडूला भूक लागलीच नाही. जेवायची आठवण गीतांजली करून द्यायची. अर्धी पोळी, वाटीभर वरण, की झालं. लग्नातली पंगत त्याच्यासमोरून जायची आणि त्याला काही वाटायचं नाही. त्याला वाटलं, पोटाचा जो तुकडा डॉक्टरांनी काढून फेकला त्यातच ती भूक होती. थोडं सुनं वाटायचं, पण काम सोपं झालं होतं.

तिसऱ्या वर्षी फॅक्टरीच्या कामानं तो रिछाईला एका कारखान्यात गेला होता. अकराची वेळ. फाटकाबाहेर गाडीवर मंगोडे तळणं चालू होतं. मुगाच्या डाळीचा तो वास आला आणि बंडूच्या पोटात काहीतरी उठून बसलं. आधी त्याला ते दुखणंच वाटलं. मग ओळख पटली. तोंडाला पाणी सुटलं. त्यानं चार मंगोडे घेतले, दोन खाल्ले, तिसरा छातीत अडकला. गाडीमागं जाऊन तो ओकला. तोंड धुऊन परत आला, आणि पाहतो तर भूक तिथंच उभी. जरासुद्धा कमी झालेली नाही.

तेव्हापासून ती गेली नाही. सकाळी दहाला, दुपारी चारला, जेवून उठल्यावर अर्ध्या तासानं. पोटात जागा नाही आणि भूक मात्र जुन्या एकशे एकतीस किलोच्या बंडूची. त्यातही एक दुष्टपणा होता. पोळी अडकायची, कोशिंबीर अडकायची, मोडाची उसळ अडकायची. जे खायला सांगितलं होतं ते सगळं अडकायचं. पण शिरा, खीर, बिस्किटं चहात बुडवून, खोव्याची जिलबी, हे सुळकन उतरायचं. दर तासाला थोडं थोडं. काटा ब्याण्णववर गेला, मग पंच्याण्णववर.

वार्षिक तपासणीत त्यानं डॉक्टरांना सांगून टाकलं. "डॉक्टरसाहेब, भूक परत आली."

"बऱ्याच जणांना येते. पोट थोडं सैलावतं. आणि शरीराला जुनं वजन आठवत राहतं, ते परत मागतं."

"मग कापलं कशाला?"

"त्यानं तुम्हाला वेळ मिळाला. त्या वेळात किडनी देता आली. पण सांभाळणं जन्मभर असतं, गावंडे. हे ऑपरेशनआधी सांगितलं होतं."

सांगितलं असेल. त्या वेळी बंडूच्या कानात फक्त ताईचं डायलिसिसचं मशीन वाजत होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढं सरकवला. लघवीत प्रोटीन जायला लागलं होतं, थोडंसंच. "उरलेली किडनी दोघींचं काम एकटी करते आहे. तिच्यावर वजनाचा भार नको, शुगर नको, बीपी नको. नव्वदच्या आत."

आधी नव्वद म्हणजे एक दार होतं, एकदा ओलांडलं की झालं. आता त्याच्या चार भिंती झाल्या होत्या.

घरी त्यानं हे गीतांजलीला सांगितलं आणि बजावलं, "ताईले कळू देऊ नको. तिले वाटंल माझ्यापायी झालं."

पण ताईच तर खरी अडचण होती. नव्या किडनीबरोबर तिला ज्या गोळ्या होत्या त्यांनी तिची भूक खवळली होती, आणि इतकी वर्षं बंद असलेलं सगळं आता मोकळं झालं होतं. ती गात गात स्वयंपाक करायची. आणि दर रविवारी भाऊजींच्या स्कूटरवरून एक मोठा डबा खमरियाला यायचा. पाटवड्या, गोळाभात, पुरणपोळी, नारळाच्या वड्या. पाठोपाठ फोन.

"खाल्लं का?"

"खाल्लं ना, ताई."

"किती खाल्लं? चिमणीवानी खाऊन राहिला तू. तू मले आपल्या अंगातलं काढून दिलं बावा, मी तुले दोन घास देऊ नाही शकत?"

नको म्हटलं तर तिचा आवाज उतरायचा. भूक लागत नाही म्हटलं तर खोटं. भूक लागते म्हटलं तर डबे दोन झाले असते. गीतांजली डबा आला की आधी शेजारी वाटून टाकू लागली. एकदा बंडूनं तिच्या हातातून पुरणपोळ्या ओढून घेतल्या आणि ओरडला, "माझ्या बहिणीनं पाठवल्या त्या!" कॉलेजात जाणारी मुलगी समिधा दारात उभी होती. ती हिंदीत म्हणाली, "पापा, आप रो रहे हो या ग़ुस्सा हो?" त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी त्यानंच फराळाच्या कपाटाची किल्ली गीतांजलीच्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नको." आणि दोन दिवसांनी मागितली.

किडनी बसवल्याचं पाचवं वर्ष भरलं तेव्हा बेबीताईनं घातलं मोठं जेवण. त्या तारखेला ती आपला दुसरा वाढदिवस म्हणायची. वर्कशॉप झाडून, लोखंड बाजूला रचून तिथंच पंगत मांडली. पन्नास-साठ माणसं. बंडूचं पान मधोमध, भोवती रांगोळी. त्या सकाळी त्याचं वजन सत्त्याण्णव होतं. आदल्या दिवसापासून तो नुसत्या ताकावर होता.

बेबीताई पुरणपोळीचा घास घेऊन पुढं आली. तुपानं तिची बोटं चमकत होती. "माझ्या हातानं," ती म्हणाली, आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. बंडूनं घास घेतला. मग भाऊजींनी एक दिला, पंगतीतल्या एका मावशींनी एक. चौथा घास अडकला. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, कपाळ घामानं भिजलं. हसत हसत तो उठला, जिना चढून वर गेला आणि मोरीत सगळं ओकला.

तोंड धुऊन बाहेर आला तर समोर स्वयंपाकघर. कुणी नाही. ओट्यावर पुरणाचं पातेलं झाकून ठेवलेलं. बंडूनं झाकण काढलं. चमचा शोधायचंही त्याला सुचलं नाही. जायफळाचा वास घेत तो बोटांनी पुरण तोंडात घालत राहिला, न चावता, घाईघाईनं.

"अगं बाई! बंडू!"

बेबीताई दारात. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंदच फुटला. "भूक लागते ना तुले! मी म्हणतच होती. मग लपून काहून खाऊन राहिला? बस, ताट करून देते."

"ताई, नको."

"अरे बस तं."

"ताई, मी आत्ता ओकलो. आणि ओकून आल्यावर हे खाऊन राहिलो. कुत्र्यावानी." त्याचा खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला होता. "मले दोन वर्षांपासून रात्रंदिवस भूक लागते. पोटात मावत नाही आणि भूक जात नाही. वजन वाढून राहिलं. डॉक्टर म्हणे एकाच किडनीवर भार येतो. लघवीत प्रोटीन जाते. तू डबा पाठवते, मी नको म्हणू शकत नाही, खाऊही शकत नाही. काय करू मी?"

खाली कुणीतरी "कढी आणा, कढी" म्हणून हाका मारत होतं. बेबीताईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. हात धुतले. पुन्हा धुतले. मग म्हणाली, "एकाच किडनीवर."

त्याला हेच टाळायचं होतं.

डबे बंद झाले. फोन मात्र सुटला नाही, तो आता रोज सकाळी येऊ लागला आणि प्रश्न बदलला. "आज किती?" बंडू काट्यावरून उतरायच्या आत फोन वाजायचा. तो शहाण्णव असताना चौऱ्याण्णव सांगायचा. पलीकडं ती हुश्श करायची, आणि हे खोटं दुसऱ्या दिवशी खरं करायला तो उपाशी राहायचा, दुपारी मोडायचा. आधी एकटी गीतांजली पहारा देत होती, आता दोघी झाल्या.

महिन्याभरानं भाऊजींचा फोन आला. बेबी चक्कर येऊन पडली. तिनं गोड सोडलं होतं, मग भात सोडला, मग एक वेळचं जेवण. गोळ्या मात्र रिकाम्या पोटी घेत होती. बंडू गाडी काढून थेट गोहलपुरात गेला. ताई खाटेवर बसलेली, तोंड सुकलेलं.

"काहून सोडलं जेवण?"

"तू उपाशी. मी कशी जेवू?"

बंडूला एकदम राग आला. पाच वर्षांत तिच्यावर आला नव्हता तेवढा. "माझी किडनी आहे ती तुझ्या पोटात. तिले उपाशी ठेवायचा हक्क तुले कोणी दिला?"

बेबीताईनं वर पाहिलं. इतकं कठोर तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. भाऊजी बाहेर निघून गेले. बंडू स्वयंपाकघरात गेला, ताट वाढलं, वरणभात, दोडक्याची भाजी, लोणचं, आणि तिच्यापुढं ठेवलं.

"जेव."

"तुझ्यापुढं नाही जेवणार."

"मी जाणार नाही."

बंडूनं खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. खालून लोखंड कापायच्या मशीनचा आवाज येत होता. शेवटी बेबीताईनं ताट उचललं, भिंतीकडं तोंड केलं आणि त्याच्याकडं पाठ करून जेवायला बसली.

"ताई, इकडं तोंड कर."

तिनं मान हलवली. नाही.

बंडू तिच्या पाठीकडं बघत राहिला. भात कालवल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता, लोणच्याचा वास येत होता. त्याला कडकडून भूक लागली होती. तो खुर्चीचे हात धरून बसला आणि तिचं ताट रिकामं होईपर्यंत हलला नाही.