मिठाची चिमूट, तंबाखूची नव्हे

नर्सरीत दोन गोष्टी न लावता उगवतात, तण आणि किस्से. तण उपटून टाकता येतं. किस्से मात्र इतकी वर्षं झाली तरी निघतच राहतात. आमच्याकडचे बहुतेक किस्से रोपं जळण्याचे. आगीनं नव्हे हो, खतानं!

तळेगाव ढमढेऱ्यात बाजाराच्या रस्त्याला आप्पांची नर्सरी होती. नव्वदीच्या शेवटी मी तिथं गिऱ्हाईक बघायला होतो. आप्पांचा मुलगा दत्ता माझा जिवाभावाचा दोस्त. त्याचं लग्न काही जमत नव्हतं. प्रत्येक मुलीच्या आईचं एकच म्हणणं, "नर्सरीवाल्याला देऊन पोरीला शेणामातीत राबवायची का?" दत्ता हसण्यावारी न्यायचा. मलाच फार वाईट वाटायचं.

*

आप्पा रोप देताना प्रत्येकाला सांगायचे, "आल्या आल्या खत न्हाई. आधी मूळ धरू द्या. मग पाणी घालून, कुंडीच्या कडंकडंनं, चिमूटभर."

एकदा वडगाव रासाईचे एक पाव्हणे जास्वंदीच्या काड्या घेऊन भांडायला आले. काड्याच, पानं उरलीच नव्हती. "चिमूटभरच टाकलं व्हतं की!"

आप्पांनी खताचं घमेलं पुढं केलं. "कशी चिमूट? दाखवा बरं."

पाव्हण्यांनी चिमूट काढली, सवयीनं डाव्या तळहातावर ठेवली आणि खिशात चुन्याची डबी शोधायला लागले!

त्या दिवसापासून आप्पा पुढं जोडायचे, "चिमूट मिठाची. तंबाखूची न्हाई."

*

पिशव्या भरायला सखूमावशी होत्या. माहेर मेंढपाळांचं, त्यामुळं मेंढरांबद्दल वावगं बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा त्यांनी भावाकडची ताजी लेंडी आणून मोगऱ्याच्या पिशव्यांत भरली. खत कुजवून घ्यावं लागतं, ताजं गरम पडतं, हे आप्पांनी हजारदा सांगितलेलं. आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या.

"आमच्या मेंढरांनी आजवर कुणाचं वाईट केलं न्हाई," मावशी म्हणाल्या. "नजर लागलीया."

त्यांनी मोगऱ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. घरी असत्या तर चुलीत टाकल्या असत्या. इथं चूल नव्हती, म्हणून पिशव्यांतच टाकल्या. उरलेला मोगराही गेला!

*

मग बिहारचा रामअवतार कामाला आला. आप्पांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त मोठ्या आवाजात.

एका सकाळी आप्पांनी विचारलं, "रामअवतार, खत डाला क्या?"

"नहीं मालिक."

आप्पांनी मुकाट्यानं शेवंतीच्या सगळ्या कुंड्यांना स्वतः खत दिलं. दोन दिवसांत शेवंती खलास. चौकशी केली तर कळलं, रामअवतारनं आदल्या संध्याकाळीच खत दिलेलं!

"मग न्हाई का म्हणाला रे?"

तो बिचारा रडवेला झाला. "मालिक, हम तो चिट्ठी समझे. हमारे घर में पढ़ना किसको आता है? खत किसको डालें?"

आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "खाद. आजपासून सगळ्यांनी खाद म्हणायचं."

*

दौंडच्या रेल्वे कॉलनीतले एक गार्डसाहेब गुलाब घेऊन गेले होते. महिन्याभरात मुलीला घेऊन एसटीनं परत आले. मुलीच्या मांडीवर कुंडी, कुंडीत काळा दांडका.

"रोज चमचाभर खत दिलं, तरी वाळला!"

"साहेब, तरी न्हाई. म्हणून!" आप्पा म्हणाले.

मुलगी खुदकन हसली. तिचं नाव सुनीता. दत्तानं नवा गुलाब दिला, आणि मग दर रविवारी तो गुलाबाची तब्येत बघायला दौंडला जाऊ लागला. पुणे जिल्ह्यात कुठल्याच गुलाबाची इतकी काळजी घेतली गेली नसेल.

*

शेवटी बोलणी करायला आम्ही दौंडला गेलो. दत्ताचा चेहरा उतरलेला, कारण सुनीताच्या आईच्या कपाळावरची आठी दारातूनच दिसत होती. चहा झाला. बाईंनी नेमका तोच प्रश्न काढला.

"आमच्या पोरीला तुमच्याकडं आल्यावर काय काय करावं लागंल?"

दत्तानं माझा हात गच्च धरला. आप्पांना एरवीचं बोलणं जमतच नसे. ते घाबरले, आणि घाबरले की जे तोंडपाठ होतं तेच बाहेर पडलं.

"आल्या आल्या काई न्हाई. आधी मूळ धरू द्यायचं. उन्हात ठिवायचं न्हाई. मग लागलंच तर कडंकडंनं, चिमूटभर." जरा थांबून म्हणाले, "मिठाची."

बाई नवऱ्याकडं बघतच राहिल्या. गार्डसाहेबांनी खिडकीतल्या गुलाबाकडं पाहिलं. त्याला तीन कळ्या होत्या.

"साखर आण गं," ते बायकोला म्हणाले. "आन् मुठीनं आण. हितं काई जळत न्हाई!"