माकडाला खांदा

आमच्या परळच्या लॅबमध्ये दिवसभर तोंडावर मास्क. हसू आलं तरी आत, रडू आलं तरी आत. मग किस्से साठणारच ना! कोकणातल्या रानातल्या माकडांचं आणि तिथल्या माणसांचं रक्त गोचीड चावून होणाऱ्या माकडतापासाठी आमच्याकडे तपासायला येतं. मी बाटल्या धुते, पेट्या भरते.

* * *

एकदा जीप लालबागला बंद पडली. ड्रायव्हर शिंदे आणि मी बर्फाची पेटी उचलून चालत निघालो. एका मावशीने अडवलंच, "गावची सुरमई ना?"

शिंदे म्हणाला, "माकडाचं रक्त आहे, मावशी!"

"नसेल द्यायची तर नको देऊ. खोटं कशाला बोलतोस?"

* * *

घोडपदेवला आमच्या चाळीत मात्र सगळ्यांना खरं वाटलं. संक्रांतीला शेजारणीने मला वाण दिलं ते दारातच, हात लांब करून. पुढे तिच्या नातवाला ताप आला. "ताई, तुमच्या डॉक्टर मॅडम बघतील का हो?" तेव्हा माझे दोन्ही हात घट्ट धरले होते!

* * *

मग माकडतापावरची ती मीटिंग. वनखात्याचे म्हणाले, "मेलेलं माकड आमचं." गुरांचे डॉक्टर म्हणाले, "गुरांवरची गोचीड आमची." आमचे साहेब म्हणाले, "तापलेला माणूस आमचा."

आमच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "आणि माकडावरून उतरून माणसावर चढेपर्यंत ती गोचीड कुणाची?"

तेवढ्यात चहा आला!

* * *

माझा भाऊ अण्णा गावी काजू गोळा करायचा. गोचीड चावू नये म्हणून आमच्या लॅबच्या टीमने अंगाला लावायला तेल दिलं होतं. मी गेले तर बाटली कपाटात, सीलसकट.

"अरे, लावत का नाहीस?"

"मुंबयसून पावणे इले की तेंका व्हया ना!"

* * *

त्याच गावात एक माकड मेलं. टीम नमुना घ्यायला पोचेपर्यंत लोकांनी त्याला आंघोळ घातली, हार घातला, वाजतगाजत नेऊन पुरलं. पुढचा खांदा अण्णाचा.

मी फोनवर ओरडले, "मेलेल्या माकडावरच्या गोचिडी माणसावर चढतात रे! हात कशाला लावलास?"

"मारुतीराया तो! तेका हात लावूक भियाचां कित्याक?"

काही दिवसांनी मी पेटी उघडली, तर एका बाटलीवर अण्णाचं नाव.

अण्णा गेला त्या दिवशी तिरडी कुंपणाबाहेर बांधून झाली, पण अंगणात कुणी पाऊल टाकेना. मॅडम माझ्या फोनच्या स्पीकरवरून सांगत होत्या, "माणसाचा माणसाला नाही होत हो हा ताप!" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि होते तिथेच उभे राहिले.

शेवटी बाळूदादा, माकडाला मागून खांदा देणारा, कुंपणापलीकडून म्हणाला, "गो ताई, तूच उचल. तुका सवय आसा."