दादाची तीस लेकरं

आमच्या घरी जेवलेला एकमेव मोठा माणूस म्हणजे आमच्या भागातले पुढारी. मतं मागायला आले होते. आई भाकरी थापत होती. तिच्यापुढंच मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मावशी, लई भूक लागलीय." आईनं भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा वाढला. चटणी त्यांनी पुन्हा मागून घेतली, आमच्याच तांब्यातलं पाणी प्यायले. पुढं कित्येक महिने आई येईल त्याला तो तांब्या दाखवायची.

यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. पण आमच्या पाळकसाहेबांनी आमच्या घरात पाण्याचा घोटसुद्धा कधी घेतला नव्हता. प्रार्थनेला यायचे, लोकांनी वाळीत टाकलेल्या जकातदाराच्या घरी येशू कसा जेवला ते रंगवून सांगायचे, आणि आईनं चहा पुढं केला की म्हणायचे, "आत्ताच घेऊन आलो की." ते मूळचे वरच्या जातीतले, आम्ही महारवाड्यातनं आलेलो. बाप्तिस्मा घेऊन दोन्हीकडं दोन-दोन पिढ्या झाल्या होत्या, तरी देवळात पुढचे बाक त्यांचे आणि मागचे आमचे. तशी पाटी कुठं नव्हती, गरजही नव्हती. आई म्हणायची, मिशनच्या गोऱ्या मडम होत्या तोवर बरं होतं. त्यांच्या लेखी आपण सगळेच काळे, म्हणून सगळे एकाच सतरंजीवर. मडम आपल्या देशाला गेल्या आणि आपले लोक एकमेकांचे रंग बघायला लागले.

दादा मिशनच्या शाळेत शिपाई होता. आमची खोली शाळेच्याच कंपाउंडात, म्हणजे नोकरी आणि छप्पर दोन्ही पाळकसाहेबांच्या हातात. दादा रविवारी संडे स्कूल घ्यायचा. तीसेक पोरं असायची, पुढच्या बाकांची आणि मागच्याही. हा एकेकाचं नाक पुसत गाणी शिकवायचा. पोरं त्याच्या अंगावर लोंबकळायची. वहिनी दुधनी गावची. लग्नाला वर्ष होतंय तोवर तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं. ती विश्रांतीला माहेरी गेली. जाताना मला म्हणाली, "पुढच्या बारीला बघा की, दणकट पोरगं घेऊन येते."

ती माहेरी असतानाच नसबंदीचं शिबिर आलं. आणीबाणी चालू होती. पुढाऱ्यांना वरून तंबी होती, प्रत्येक समाजातनं माणसं हजर करा. आमच्या कंपाउंडाच्या भिंतीचं एक भांडण त्यांनीच नुकतं मिटवून दिलं होतं, तेव्हा पाळकसाहेब मिंधे होते. रविवारी उपदेश झाला: अधिकारी देवानं नेमलेले असतात, त्यांचं ऐका. सोमवारी पाळकसाहेबांनी पुढाऱ्यांना पाच नावं कळवली. पाचही मागच्या बाकांवरची.

त्यात दादाचं नाव होतं. पुढच्या बाकावरच्या, देवळाच्या एका पंचांच्या मुलाला तीन लेकरं होती, त्याचं नाव नव्हतं.

आई तशीच पदर खोचून पाळकसाहेबांकडं गेली. मी बरोबर होते. आम्ही व्हरांड्यात उभ्या, ते खुर्चीत.

"साहेब, माझ्या पोराला एक बी लेकरू न्हाय."

"असं कसं म्हणता बाई?" ते हसून म्हणाले. "संडे स्कूलची तीस लेकरं त्याचीच की. देवानं त्याला आधीच भरपूर दिलंय."

मला आजही ते हसू आठवलं की अंगाची आग होते. खोटं बोलले असते तर परवडलं असतं. त्यांना ते खरंच वाटत होतं.

मग आई नवी पेठेत पुढाऱ्यांच्या कचेरीत गेली. तिला केवढा भरवसा, आपल्या घरची भाकरी खाल्लेला माणूस! त्यांनी ओळखलंही. "मावशी, तुमची चटणी अजून आठवते," म्हणाले. चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव तुमच्या पाळकांनी दिलंय. मी धर्माच्या कामात कसा पडू?"

शिबिरात डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती? शेजारी उभे असलेले पाळकसाहेब म्हणाले, तीन. झालं. दादा घरी आला, भिंतीकडं तोंड करून झोपला. आईनं विचारलं, "अरे, नाही म्हणायला तोंड नव्हतं का तुला?" तो म्हणाला, "नाही म्हणून तुम्हाला कुठं ठेवू?" आणि म्हणाला, "दुधनीला तिला कळू देऊ नका." आम्ही कळू दिलं नाही. कंपाउंडात सगळ्यांना ठाऊक होतं, पण अशा गोष्टी झाकायला पुढचे-मागचे सगळे बाक एक होतात.

वहिनी परत आली, अंगानं भरून, हसत. जुन्या लुगड्याची झबली शिवून ठेवली. महिना उलटला की तिचा चेहरा उतरायचा, मग पुन्हा नव्यानं आशा धरायची.

निवडणूक लागली. आईनं मत पुढाऱ्यांनाच दिलं. मी भांडले तिच्याशी. ती म्हणाली, "दोघांनी मिळून गळा कापला बाई. पण एकानं भाकरी तरी खाल्ली." मी तरी पुढं देऊळ कुठं सोडलं? आज इतकी वर्षं झाली, दर रविवारी जाते. येशूवर माझा जीव आहे. त्याच्या नावानं बोलणाऱ्यांचं तोंड बघवत नाही, म्हणून डोळे मिटून बसते. लोकांना वाटतं, केवढी भक्ती.

त्याच निवडणुकीच्या वर्षी बायकांच्या खास उपासनेत पाळकसाहेबांनी हन्नाची गोष्ट वाचली. हन्नाला मूल नव्हतं, ती मंदिरात रडली, देवानं तिची कूस उजवली. पुस्तक मिटून त्यांनी मागच्या बाकांकडं बघितलं आणि वहिनीला नाव घेऊन पुढं बोलावलं. ती लगबगीनं गेली, गुडघ्यावर बसली. बाजूला दादा संडे स्कूलची पोरं गाण्यासाठी रांगेत धरून उभा होता. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं मागितलं, "प्रभो, हिच्या नवऱ्याच्या घरी पाळणा हलू दे." विसरले होते की काय, देव जाणे. मला वाटतं, विसरलेच होते.

आमेन म्हणायची वेळ आली. देवळात एक तोंड उघडलं नाही. एरवी आईचं आमेन सगळ्यांच्या वर चढायचं, तीही गप्प. एकटी वहिनी खणखणीत म्हणाली, "आमेन."

परतताना सात रस्ता चौकापर्यंत वहिनी आमच्या पुढं भराभरा चालत गेली. दादा पोरांचा घोळका घेऊन मागनं येत होता. चौकात ती थांबली. डोळे भरले होते. आईला म्हणाली,

"आत्या, सगळे गप्प राहिले तर राहू द्या. तुमी आमेन का न्हाय म्हणला? माझ्या पोटी लेकरू नको हाय का तुमाला?"

आईनं एकदा मागं दादाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. मग तिनं भर रस्त्यात उभं राहून वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आमेन म्हटलं.