दोन रॉड आणि आबांचा श्वास

गणपतीत कुडपण गावातली बंद घरं उघडतात आणि आमचं व्होल्टेज पडतं. तरी एकशे नव्वद मिळतं. तेवढ्यावर माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, ऑक्सिजनचं मशीन चालतं. मध्ये स्टॅबिलायझर आहे, पण एकशे साठच्या खाली तोही हात टेकतो आणि मशीन ओरडायला लागतं. नवरा मुंबईत. आबांसाठी मी पोलादपूरच्या शाळेतली विज्ञान शिकवायची नोकरी सोडली. खरं सांगते, दमलेय मी.

यंदा मुंबईहून धाकटे भावोजी, जाऊ आणि पोरं आली, ती पाणी तापवायचा रॉड घेऊनच. "वहिनी, चुलीचा धूर आबांना बाधतो. आता चूल बंद!" एवढी माया, मग मी काय बोलणार? पण इथल्या विजेवर पाणी धड तापेना. तर या शहाण्यांनी महाडला जाऊन दुसरा रॉड आणला! दोन्ही बादलीत सोडले, आणि आतून मशीनने बोंब ठोकली.

भावोजींना पडवीत बसवलं. फळा नव्हता, एवढंच.

"रॉडवर लिहिलंय पंधराशे वॅट, दोनशे तीस व्होल्टला. म्हणजे करंट साडेसहा अँपिअर. व्होल्टला करंटने भागा. रोध आला पस्तीस ओहम. तो इथेही तेवढाच. पण एक रॉड लावला की आपल्याकडे व्होल्टेज येतं एकशे सत्तरवर. त्याला पस्तीसने भागा, पाच अँपिअरसुद्धा नाही. व्होल्ट गुणिले करंट, झाले आठशे वॅट."

"म्हणून तर दुसरा आणला ना!"

"अहो, मग खांबावरून येणाऱ्या आपल्या बारीक वायरीतून जवळजवळ दुप्पट करंट जातो. व्होल्ट वायरीतच गळतात, घरात उरतात दीडशे. पाणी तापतं, पण आबांचं मशीन बंद पडतं."

भावोजींचा चेहरा उतरला. उठून त्यांनी एक रॉड काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन ओरडलं नाही. म्हटलं, चला, शिरलं एकदाचं डोक्यात. चहा घेऊन आत गेले तर आबा खाटेवर बसलेले, नळी हातात, ओठ निळे पडलेले. मशीनचं बटण त्यांनीच बंद केलं होतं. न्हाणीत दोन्ही रॉड चालू. 'मला आता मशीन लागत नाय' असं सांगून त्यांनीच ते जावेकडून लावून घेतले होते.

"आबा, हे काय केलंत?"

"पोरांच्या आंघोळी होऊं दे गो," धापा टाकत म्हणाले. "पावसाची थंडी हाय. मला काय होत नाय."

माझं डोकंच फिरलं. न्हाणीतली बटणं बंद केली, मशीन चालू केलं, नळी त्यांच्या नाकाला लावली. "तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" असं मी सासऱ्यांना ओरडून बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. बऱ्याच वेळाने त्यांच्या ओठांवर रंग आला, तेव्हा कुठे मी खाली बसले.

नातवंडांनी गार पाण्याने आंघोळ केली, कुडकुडत, खिदळत. त्यांना काही वाटलं नाही. आबा मात्र विसर्जनापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी उशाशी बसलेली असले तरी प्यायला पाणी हवं झालं की जावेला हाक मारायचे.