उजवीकडचं पडणं

मुलुंडच्या एका शाळेचं सभागृह संध्याकाळी साडेसहानंतर आमचं असे. बाकं भिंतीशी रचलेली, फळ्यावर भूगोलाच्या तासाची अर्धवट पुसलेली नदी, हवेत फिनेल आणि खडूची भुकटी. निळ्या रबरी गाद्या आम्हीच अंथरायचो. त्यांच्या गारव्याला अनवाणी पाऊल टेकलं की दिवसभर अंगात साठलेला गोंगाट हळूहळू ओसरायला लागे. तिथे आम्ही दोघी बहिणी ऐकिडो शिकत होतो.

ही जपानी विद्या मारण्याची नाही. समोरच्याचा जोर वळवायचा आणि त्याला इजा न करता जमिनीवर आणायचं, एवढाच तिचा आग्रह. तिच्यात सामने नसतात, हारजीत नसते. जोडी करायची, एकीने मनगट धरायचं, दुसरीने वळून तिला पाडायचं, मग अदलाबदल. पडणंही शिकावं लागतं. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि गादीवर तळहाताची सपाट थाप. सर फार बोलत नसत, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, “तोल गेल्याशिवाय पडायचं नाही. आपलं बरोबर चाललंय की चुकतंय, हे जोडीदाराला तुमच्या पडण्यावरूनच कळतं. त्याच्याकडे दुसरी खूण नाही.”

मला तिथे ताईने नेलं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि रक्ततपासणीच्या केंद्रात रक्त काढण्याचं काम करणारी. सकाळी सहापासून घरोघर जायची. म्हाताऱ्यांच्या हरवलेल्या शिरा तिला डोळ्यांनी नव्हे, बोटांनी दिसत. “ती बाई आली तरच सुई टोचून घेईन,” म्हणून हट्ट धरणारे आजोबा घाटकोपरपर्यंत पसरले होते. वर्गात मात्र ती माझी टिंगल करायची. “कविता करतेस ना गं तू? मग पडताना असा पोत्यासारखा आवाज का येतो?”

त्या वर्षी तिची काळ्या पट्ट्याची परीक्षा होती. पन्नाशी उलटल्यावर. ती कुणाला सांगत नसे, पण रोज रात्रीच्या भांड्यांआधी स्वयंपाकघरात पावलं घोटवत असे.

एका तंत्रात मी तिचं डावं मनगट धरायचे. तिने बाजूला सरकत माझा पंजा आपल्या उजव्या हाताच्या बोटांत घ्यायचा आणि बाहेरच्या अंगाला वळवायचा. हाताबरोबर खांदा, खांद्याबरोबर सारं अंग कलंडतं. ताईची ती पकड मला पाठ होती. पाचही बोटं एकदम यायची, ओल्या मातीवर पान चिकटावं तशी. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी ती बोटं एकेक करून आली. करंगळी आलीच नाही. अंगठा माझ्या हाताच्या पाठीवर टेकला, पण त्यात वजन नव्हतं. माझा तोल जागच्या जागी होता.

मी पडले.

का पडले, हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. दमली असेल, असं वाटलं. मोठ्या बहिणीसमोर सगळ्यांदेखत ताठ उभं राहणं उद्धटपणाचं वाटलं. आमच्या घरात मोठ्यांची चूक दिसली की नजर खाली करायची रीत होती. मी नजरेऐवजी अख्खं शरीर खाली केलं. शिवाय त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर उमटलेलं समाधान मला हवं होतं.

मग ती सवयच झाली. डावीकडे मी खरी पडायचे, उजवीकडे खोटी. खोटं पडणं मला इतकं साधलं की थापेचा आवाजही खऱ्यासारखा यायचा. वर्गातल्या इतरांना फरक कळला नाही. तेही, आता वाटतं, तिच्या वयाचा मान राखून थोडे आधीच पडत असावेत.

जानेवारीत एकदा गाद्या गुंडाळताना तिने विचारलं, “खरं सांग गं, माझा उजवा हात बरा चाललाय ना?”

“का?”

“आज एका बाईंना तीनदा टोचावं लागलं. शीर हाताला लागेचना. बोटं बधिर झाल्यासारखी वाटतात कधीकधी.”

“थंडी आहे, ताई.”

“मुंबईत कसली आलीय थंडी? तू पडतेस ती मी पाडते म्हणूनच ना?”

गादीच्या रबराचा वास माझ्या नाकात होता. दाराशी सर कुलूप घेऊन थांबले होते. मी म्हटलं, “मग काय हौस म्हणून पडते? पाठ दुखते माझी.”

ती मोकळेपणाने हसली. “मग ठीक आहे. बायकांच्या शिराच हल्ली लपतात.”

डॉक्टरांकडे जाण्याचा विचार तिने तिथेच सोडला. हे तिने नंतर मला सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता.

मे महिन्यात, परीक्षेला तीन आठवडे उरले असताना, सरांनी आमच्या जोडीजवळ येऊन मला बाजूला व्हायला सांगितलं. स्वतः ताईचं डावं मनगट धरलं, म्हणजे पाडायचं तिच्या उजव्या हाताने. ती सरकली, वळली, सगळं सुरेख. पावलं तर अशी की पाहत राहावं. आणि सर उभेच राहिले. तिने पुन्हा केलं. सर तसेच उभे. पंखे घरघरत होते. बाकीच्या जोड्या एकेक करून थांबल्या.

सरांनी तिचा हात न सोडता हळू विचारलं, “कधीपासून?”

ताईने सरांकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता. ती हिशेब करत होती: किती संध्याकाळी, किती वेळा, आणि त्यातलं खरं किती.

मानेच्या मणक्यात मज्जारज्जूवर दाब आला होता. डॉक्टरांनी पडद्यावरच्या काळ्यापांढऱ्या चित्रात पेनाच्या टोकाने जागा दाखवली आणि थक्क होऊन विचारलं, “ह्या मानेने तुम्ही कोलांट्या मारत होतात?” शस्त्रक्रिया लगेच करावी लागेल, म्हणाले. त्यामुळे दुखणं पुढे सरकणार नाही; पण गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही. “पाच-सहा महिने आधी आला असतात तर बोटं बरीच वाचली असती.”

रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. मी सगळं कबूल केलं: कधी सुरू झालं, काय वाटलं, का बोलले नाही. ती ऐकत राहिली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, “मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“दया आली होती माझी?”

“दया नाही गं. तुझा पट्टा...”

“पट्टा खड्ड्यात गेला! रोज बोटांनी लोकांच्या शिरा शोधते मी. माझ्या बोटांचं काय चाललंय ते एकट्या तुला कळत होतं, मला नव्हतं.”

शस्त्रक्रियेनंतर दुखणं पुढे सरकलं नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं थोडी सुधारली. उजव्याची शेवटची दोन बोटं मिटलेलीच राहिली. केंद्राने तिला पावत्या फाडण्याच्या खिडकीवर बसवलं. घाटकोपरचे आजोबा तिथवर आले होते म्हणे, रक्त न देताच परत गेले.

बोलणं तोडलं नाही तिने. मी आले की चहा टाकते. पण आता ती मला काही विचारत नाही. साडी कशी दिसते, भाजीत मीठ बेताचं आहे का, हे सुद्धा नाही. मी आपणहून “छान झालंय” म्हटलं की नुसती मान हलवते, आणि मला माझ्याच शब्दांची चव अळणी लागते.

दर गुरुवारी तिला व्यायामोपचारासाठी नेते. तिथे मुठीत दाबायचं एक यंत्र आहे. जितका जोर, तितका त्याचा काटा सरकतो. परवा तिची पाळी यायला वेळ होता, म्हणून मी माझं मनगट तिच्यापुढे केलं. म्हटलं, “धरून बघ. ह्या वेळी खरं सांगेन.”

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. रागाने नाही, थकून.

“नको,” ती म्हणाली. “हा काटा बरा. ह्याला बहीण नाही.”

तिने यंत्र उचललं. मिटलेली दोन बोटं डाव्या हाताने उलगडून एकेक करून त्याच्या दांड्यावर ठेवली आणि दाबलं. काटा जरासा हलला. किती, ते तिने वाचलं आणि वहीत डाव्या हाताने, वेड्यावाकड्या आकड्यांत लिहिलं. मी शेजारी तिची पिशवी धरून उभी होते. वही मिटताना तिने ती माझ्या बाजूने किंचित वळवून घेतली.