एकनाथच्या गाडीवरची मागची जागा

वामन स्वभावाने वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शिरगावच्या मच्छीमार घरातला हा मुलगा मी शिकवायचो त्या चौथीच्या वर्गात होता. एकनाथ त्याच्या शेजारी बसायचा. एकनाथ आजारी पडला की वामन त्याच्या जागेवर आपलं दप्तर ठेवायचा, दुसरं कुणी बसू नये म्हणून. पुढे दोघं बोईसरच्या एकाच कारखान्यात फिटर झाले, सरावलीत राहायला आले आणि आता निवृत्तही झाले. एकनाथची बायको भागी वारल्यापासून तो रविवारी वामनकडेच जेवतो. दोघांना चिकूची वाईन आवडते. अधूनमधून एकनाथच्या स्कूटरवरून जाऊन एक बाटली आणतात. चालवणार एकनाथ, मागे वामन.

गेल्या वर्षी एकनाथच्या इमारतीत सुजीत आणि त्याची बायको रिद्धी राहायला आले. सुजीत नाशिकचा, वाईनचा मोठा शौकीन. एकदा वामनने बाजारात एकनाथची स्कूटर पाहिली. मागे सुजीत बसला होता.

त्या संध्याकाळी वामन माझ्याकडे आला. समोरचा चहा निवून गेला.

"गुरुजी, त्याला सोताची गाडी हाय."

"बंद पडली असेल."

"आसंल," तो म्हणाला, पण ते त्याला पटलेलं नव्हतं.

मग सुजीतने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवणाआधी एक खेळ होता. प्रत्येक घराने एक बाटली आणायची, रिद्धी आतल्या खोलीत त्यांना वर्तमानपत्र गुंडाळून वर आकडा घालणार. चव घ्यायची आणि दहापैकी गुण द्यायचे. मी वाईन न घेणारा, कोकम सरबतवाला, म्हणून गुण मांडायचं काम माझ्याकडे आलं.

वामनने दुकानदाराला सांगून ठेवलं होतं, "नाशिकवाला गप बसंल अशी दे." चिकूची त्याने मुद्दाम घेतली नाही. ती एकनाथ आणणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. त्या बाटलीला दहापैकी दहा द्यायचे, म्हणजे एकनाथला खरा कोण ओळखतो ते सगळ्यांसमोर दिसेल. येताना वाटेत त्याने मला हे हळूच सांगितलं.

सुजीतच्या घरी गेलो तर एकनाथ आधीच स्वयंपाकघरात बोंबील तळत होता. डबे कुठे, मीठ कुठे, सगळं त्याला ठाऊक. वामन दारातच थांबला.

"तुला इथलं मीठ पण म्हायती?"

"ये रे, बस. गरम खा," एकनाथ म्हणाला.

वामनने बोंबील घेतला नाही.

पहिली बाटली त्याला बरी वाटली. सात गुण. दुसरीचा घोट घेताच त्याने तोंड वाकडं केलं आणि सुजीतकडे पाहत म्हणाला, "हा काढा हाय. ताप आल्यावर घ्यायचा. लिवा गुरुजी, एक." सुजीत नुसता हसला. तिसरा पेला नाकाशी नेला मात्र, वामनचा चेहरा उजळला. चिकूचा वास माझ्यापर्यंतसुद्धा आला.

"हा एकनाथ!" त्याने मांडीवर थाप मारली. "डोळे बांधा, तरी वळखीन. दहा! आनी लिवा, याच्यापुढे सगळ्या पाणी."

रिद्धीने कागद सोडवले. पहिली वामनची. दुसरी एकनाथची. तिसरी सुजीतची.

वामनची बायको जमना खुदकन हसली. "घ्या! ज्याच्या नावानं रोज माझं डोकं खाता, त्यालाच पैकीच्या पैकी!"

"मी सुजीतने सांगितलेली आणली," एकनाथ ओशाळून म्हणाला. "मला पण कडूच लागली रे."

"काका, चिकूची ठेवायचं एकनाथकाकांनीच सुचवलं," सुजीत म्हणाला. "म्हणाले, वामनला तुरट चालत नाही. एक तरी त्याच्या आवडीची हवी. नाहीतर तो उपाशी उठेल."

मला वाटलं, आता तरी वामन निवळेल. पण तो एकनाथकडे वळला.

"माझ्या जिभेचं तू याला कशाला सांगितलंस?"

"मग बाटली कशी आणणार तो?"

"तू आणायची!"

एकनाथने बोंबलांची ताटली त्याच्यापुढे सरकवली. वामनने एक उचलला, मग दुसरा. जेवण होईपर्यंत तो सुजीतशी बोलला नाही, पण तिसरी बाटली मात्र त्यानेच रिकामी केली.

सवयीने एकनाथने स्कूटर काढली, पण घोट घेतले होते म्हणून ती हाताने ढकलत वामनला पोचवायला निघाला. मी आणि जमना मागून चालत होतो. वामनचा हात मागच्या सीटवर होता.

"पुढची बाटली आणायला कवा जायचं?" त्याने विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा. सुजीतपण येतो म्हणत होता."

वामनने सीटवरची धूळ तळहाताने पुसली.

"येऊ दे," तो म्हणाला. "त्याची त्याला गाडी हाय."

सीटवरचा हात त्याने घरापर्यंत काढला नाही.