बावीस नंबर, हजर

मावशीची मुलगी माझ्याहून आठच महिन्यांनी मोठी, तरी तिला ताई म्हणायचं असा घरचा हुकूम. कॉलेजात प्रवेश आम्ही एकत्रच घेतला. तिचा नंबर बावीस, माझा तेवीस. लगेचच तिचे वडील अंथरुणाला खिळले, तशी ताईने चष्म्याच्या दुकानात सकाळची नोकरी धरली. आणि वर्गही नेमके सकाळीच.

"तू नुसतं हजर म्हण गं. वह्या मी तुझ्या उतरवून घेईन."

म्हटलं. आधी बारीक आवाजात तिच्यासाठी, मग घसा खाकरून माझ्यासाठी. दोन वर्षांत एक दिवस चुकले नाही. आपण ताईवर केवढे उपकार करतोय, असं मला वाटायचं. शहाणी कुठली!

तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळा आली. प्रयोग काही माझ्या आवाजावर होणार नव्हते. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग होते. ताईने दुकानदाराची चिठ्ठी आणली आणि आम्ही दोघी ऑफिसात गेलो. कारकुनाने चिठ्ठी वाचली, मग हजेरीपट उघडला.

"दोन वर्षं रोज सकाळी दुकानात, असं मालक लिहितो. आणि रोज सकाळी वर्गात, असं इथे दिसतंय. यातलं खरं काय?"

खरं सांगायचं तर ताईला माझं नाव घ्यावं लागणार, आणि माझंही वर्ष बुडणार. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत राहिले. कारकुनाने चिठ्ठी परत केली, वर "खोटी पत्रं आणू नका" म्हणून सुनावलं. महिन्याभरात ताईचं कॉलेज सुटलं.

मला पदवी मिळाली. ताई त्याच दुकानात राहिली. आता सगळ्या घराचे चष्मे तीच बनवते. मागच्या आठवड्यात मीही गेले, जवळचं दिसेना म्हणून. ती मान एका बाजूला कलती करून काच घासत होती, वर्गात लिहिताना करायची तशीच. मला राहवलं नाही.

"ताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

तिने फ्रेम माझ्या कानांवर बसवून पाहिली. जाऊ दे, जुनं झालं, असं म्हणेल असं वाटलं होतं.

"निघताना मी ऑफिसच्या दाराशी थांबले होते," ती म्हणाली. "उगाचच पिशवी आवरत. दोन वर्षं माझ्यासाठी बोललीस, म्हटलं, आताही बोलशील."